विमानवाहू नौकेतील अणुभट्टी

विमानवाहू नौकेला दोन तऱ्हांचे इंधन लागते. एक तिच्या स्वतःच्या यंत्रांसाठी आणि दुसरे तिच्यावरच्या विमानांसाठी. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात लढलेल्या अमेरिकी आरमाराला या दोन्ही इंधनांनी सारखेच जखडून ठेवले होते. तेलवाहू जहाज शेजारी आणायचे, दोन्ही जहाजे एकाच वेगाने आणि एकाच दिशेने चालवायची आणि मध्ये नळ्या टाकून तेल भरायचे. तेवढा वेळ नौका सरळ रेषेत जाणार, म्हणजे शत्रूच्या पाणबुडीला आयतीच सापडणार. शिवाय बॉयलरचा धूर बाहेर काढायला धुराडे हवे. त्या गरम धुराने नौकेच्या मागची हवा ढवळून निघे आणि नेमक्या त्याच हवेतून वैमानिकाला विमान उतरवावे लागे. धुरातल्या क्षारांनी आणि आम्लाने विमानांचे पत्रे खराब होत, ते वेगळेच. अणुभट्टीमुळे पहिल्या इंधनाची आणि धुराची कटकट संपणार होती. दुसऱ्या इंधनाची नाही. विमानाच्या पोटात शेवटी तेलच घालावे लागते. अणुभट्टी हवी की नको, या पुढच्या सत्तर वर्षांच्या वादात दोन्ही बाजूंना हे सोयीस्करपणे विसरता आले.

अणुऊर्जेवर जहाज चालवण्याचा ध्यास अमेरिकी नौदलात एका माणसाने घेतला होता. हायमन रिकोव्हर हे त्यांचे नाव. ते तिरसट, हट्टी, वरिष्ठांना न जुमानणारे होते आणि कामाच्या बाबतीत कोणालाही सवलत देत नसत. त्यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘नॉटिलस’ ही पाणबुडी १७ जानेवारी १९५५ रोजी अणुशक्तीवर समुद्रात निघाली. पाणबुडीला अणुभट्टीची गरज उघड होती, कारण भट्टीला हवा लागत नाही आणि म्हणून पाणबुडीला दम घ्यायला वर यावे लागत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या नौकेला हवेची ददात नसते. तिच्या पोटात एवढे महागडे यंत्र कशासाठी बसवायचे, या प्रश्नाचे उत्तर तितके सोपे नव्हते. ते प्रत्येक पिढीत नव्याने शोधावे लागले आणि दर वेळी ते थोडे वेगळे निघाले.

पहिल्या पिढीचे उत्तर होते पल्ला. आयडाहो राज्यातल्या ओसाड माळावर, समुद्रापासून शेकडो मैल दूर, ‘ए१डब्ल्यू’ नावाची नमुना-भट्टी उभारण्यात आली. तिथे दोन अणुभट्ट्या मिळून जहाजाच्या पंख्याची एक दांडी फिरवत. १९५८ साली तिथे चाचण्या सुरू झाल्या, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज येथील गोदीत खऱ्या नौकेची बांधणीही सुरू झाली होती. नमुना तपासून होईपर्यंत थांबायला कोणी तयार नव्हते. २४ सप्टेंबर १९६० रोजी ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू नौकेचे जलावतरण झाले आणि २५ नोव्हेंबर १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. तिची लांबी ३४२ मीटर होती. तिच्याहून लांब युद्धनौका जगात कोणी आजवर बांधलेली नाही. तिच्यात तब्बल आठ अणुभट्ट्या होत्या. त्या काळातल्या तेलावरच्या मोठ्या नौकांना आठ बॉयलर असत. अभियंत्यांनी जवळपास एकेका बॉयलरच्या जागी एकेक भट्टी ठेवली, असेच म्हणावे लागेल. नव्या शक्तीचा विचार अजून जुन्याच आराखड्यात चालला होता. धुराडे मात्र गेले. त्यामुळे डेकवरची इमारत चौकोनी पेटीसारखी बांधता आली आणि तिच्या चारही भिंतींवर रडारचे सपाट पत्रे बसवता आले.

पल्ल्याचे प्रात्यक्षिक १९६४ मध्ये झाले. ‘एंटरप्राइज’, ‘लाँग बीच’ ही क्रूझर आणि ‘बेनब्रिज’ ही तिची साथीदार, अशा तिन्ही अणुशक्तीवर चालणाऱ्या नौका ३१ जुलैला भूमध्य समुद्रातून निघाल्या आणि वाटेत कुठेही इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३ ऑक्टोबरला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचल्या. ६५ दिवसांत ३० हजारांहून अधिक सागरी मैल कापले गेले. या मोहिमेला ‘सी ऑर्बिट’ असे नाव होते. १९०७ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी असेच एक आरमार जगाच्या फेरीवर धाडले होते, तेव्हा त्याच्या मागे कोळशाची जहाजे चालवावी लागली होती आणि त्यांतली बहुतेक परदेशी होती. त्या परावलंबनाचा सल अमेरिकी नौदलात टिकून राहिला होता. ‘सी ऑर्बिट’ने तो काढला. डिसेंबर १९६५ मध्ये ‘एंटरप्राइज’ची विमाने व्हिएतनामवर बॉम्ब टाकू लागली आणि अणुशक्तीवरच्या जहाजाने प्रत्यक्ष युद्धात भाग घेण्याची ही पहिली वेळ ठरली.

भारतात ‘एंटरप्राइज’ हे नाव माहीत झाले ते डिसेंबर १९७१ मध्ये. बांगलादेश युद्ध ऐन भरात असताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आपल्या सातव्या आरमारातला ‘एंटरप्राइज’च्या नेतृत्वाखालचा ताफा मलाक्काच्या सामुद्रधुनीतून बंगालच्या उपसागरात पाठवला. मराठी वाचकांच्या जुन्या पिढीला ‘सातवे आरमार’ हे शब्द तेव्हापासून पाठ आहेत. त्याच उपसागरात भारताची ‘विक्रांत’ होती. वजनाने ‘एंटरप्राइज’च्या पाव हिश्शाहूनही कमी आणि त्यात तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले. मुंबईच्या नौदल गोदीत पोलादी पट्टे आवळून तिला कामापुरते उभे केले होते आणि ती पूर्ण वेगाने धावू शकत नव्हती. तरी चितगाव आणि कॉक्स बझार या बंदरांवर तिच्याच सी हॉक आणि अलीझे विमानांनी हल्ले केले. अमेरिकी ताफा उपसागरात शिरला १५ डिसेंबरच्या सुमारास. दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. हजारो मैल न थांबता येऊ शकणारी नौका युद्धाचा निकाल जवळपास लागल्यावर आली. पल्ला हा गुण लष्करी असला तरी तो राजकीय वेळेच्या पुढे धावू शकत नाही.

पहिल्या पिढीचे खरे दुखणे पैशाचे होते. ‘एंटरप्राइज’च्या धर्तीवर आणखी पाच नौका बांधायचा बेत होता. एका नौकेचाच खर्च ४५ कोटी १० लाख डॉलरपर्यंत गेल्यावर तो गुंडाळण्यात आला. पुढची ‘अमेरिका’ ही नौका तेलावरच चालणारी ठरली. त्यानंतरच्या ‘जॉन एफ. केनेडी’ या नौकेच्या वेळी वाद पेटला. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा आकडेमोडीचे भक्त होते. अणुभट्टीवर जेवढा जादा पैसा ओतायचा तेवढ्यात लढाऊ ताकद किती वाढते, ते दाखवा, असा त्यांचा आग्रह होता आणि नौदलाला ते समाधानकारकपणे दाखवता येत नव्हते. १९६३ मध्ये त्यांनी तेलाच्याच बाजूने कौल दिला. अणुशक्तीची बाजू घेणारे नौदल सचिव फ्रेड कॉर्थ यांनी त्याच सुमारास पद सोडले. मॅक्नमारा यांना इतिहासात फार कमी मित्र मिळाले, पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आठ भट्ट्यांची नौका खरोखरच फार महाग पडत होती आणि तिच्या पहिल्या इंधनकांड्या तीनच वर्षांत संपल्या होत्या.

मॅक्नमारा यांचे मत बदलले ते आठांच्या जागी दोन भट्ट्या आल्यावर. वेस्टिंगहाउसच्या ‘ए४डब्ल्यू’ या नव्या भट्टीची एकेकीची ताकद इतकी होती की दोनांत काम भागे. व्हिएतनामचे युद्ध चालू होते, विमानवाहू नौकांची गरज दिसत होती, आणि १९६६ मध्ये मॅक्नमारा यांनी अणुशक्तीवरच्या नौकांना होकार दिला. ‘निमित्झ’ची बांधणी जून १९६८ मध्ये सुरू झाली, पण भट्टीच्या सुट्या भागांच्या दिरंगाईमुळे ती दाखल व्हायला ३ मे १९७५ उजाडले.

‘निमित्झ’च्या पिढीत अणुभट्टीचे काम बदलले. पल्ला आता गृहीत होता. मोलाची ठरली ती जागा. भट्ट्या कमी झाल्या, धुराच्या नळांची गरज नव्हती, नौकेच्या स्वतःच्या तेलाच्या टाक्या नव्हत्या. या मोकळ्या जागेत विमानांचे इंधन आणि दारूगोळा भरला गेला. १९५० च्या दशकातल्या ‘फॉरेस्टल’ वर्गाच्या नौकांच्या तुलनेत ‘निमित्झ’ जवळपास ९० टक्के जास्त विमान-इंधन आणि ५० टक्के जास्त दारूगोळा नेऊ शकते. म्हणजे पहिल्या इंधनाची सुटका करून घेतल्याचा फायदा दुसऱ्या इंधनाला झाला. नौकेला किती दूर जाता येते यापेक्षा तिची विमाने किती दिवस सलग उडू शकतात, हे लढाईत जास्त महत्त्वाचे असते. तरीही काही दिवसांनी पुरवठा जहाज येतेच. विमान-इंधन, दारूगोळा आणि पाच हजार माणसांचे अन्न समुद्रातून निर्माण होत नाही. सोबतच्या अणुशक्तीवरच्या क्रूझर तर १९९० च्या दशकात सगळ्या मोडीत निघाल्या. आजच्या अमेरिकी ताफ्यात विमानवाहू नौका अणूवर आणि तिच्या रक्षक नौका तेलावर चालतात. ‘सी ऑर्बिट’चे स्वप्न ज्यांनी पाहिले त्यांना ही तडजोड रुचली नसती.

इंधनकांड्यांचे आयुष्यही वाढले. अमेरिकी नौदल ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध केलेले युरेनियम वापरते, त्यामुळे ‘निमित्झ’ वर्गाच्या नौकेला पन्नास वर्षांच्या आयुष्यात एकदाच, मध्यावर, इंधन बदलावे लागते. पण ते काम म्हणजे नौकेचे डेक कापून भट्टीपर्यंत पोचण्याची मोठी शस्त्रक्रिया असते. त्याच वेळी जुनी यंत्रे, केबल, रडार सारे बदलले जाते. चार वर्षे धरून चालायची. ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ला तर ऑगस्ट २०१७ ते मे २०२३ इतका काळ गोदीत काढावा लागला.

पैशाची कटकट मिटली नव्हती. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी चौथ्या ‘निमित्झ’ नौकेसाठी दोन अब्ज डॉलर ठेवणारे संरक्षण विधेयक नाकारले. कार्टर स्वतः तरुणपणी रिकोव्हर यांच्या हाताखाली अणु-नौदलात काम केलेले. अणुभट्टीची भीती किंवा अज्ञान हे कारण त्यांच्या बाबतीत संभवत नव्हते. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने तीच नौका पुन्हा मंजूर केली आणि त्यांनी सही केली. रेगन यांच्या काळात नौदल सचिव जॉन लेहमन यांनी दोन-दोन नौकांची एकत्र मागणी नोंदवून दर नौकेमागचा खर्च खाली आणला. एकाच आराखड्यावर अशा दहा नौका झाल्या. शेवटची ‘जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’ जानेवारी २००९ मध्ये दाखल झाली.

अमेरिकेबाहेर दोनच देश या वाटेला गेले आणि त्यांतला एक मध्येच थांबला. सोव्हिएत संघाने २५ नोव्हेंबर १९८८ रोजी काळ्या समुद्राजवळच्या निकोलायेव्ह येथे ‘उल्यानोव्स्क’ची बांधणी सुरू केली. चार अणुभट्ट्या, सुमारे ७५ हजार टन वजन. १९९१ मध्ये देशच विरला, गोदी युक्रेनकडे गेली आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये अर्धवट सांगाडा भंगारासाठी कापायला घेतला. त्याच गोदीत ‘वर्याग’ नावाची तेलावरची दुसरी अपुरी नौका उभी होती. ती १९९८ मध्ये विकली गेली, चीनमध्ये पोचली आणि २०१२ मध्ये ‘ल्याओनिंग’ या नावाने चीनची पहिली विमानवाहू नौका बनली.

फ्रान्सने मात्र काम पुरे केले. ‘शार्ल द गोल’ची बांधणी एप्रिल १९८९ मध्ये ब्रेस्ट येथे सुरू झाली. पैसे वाचवण्यासाठी तिच्यात वेगळी भट्टी न बनवता नव्या क्षेपणास्त्र पाणबुड्यांसाठी तयार केलेल्या ‘के१५’ भट्ट्यांचीच जोडी बसवण्यात आली. त्यामुळे ती तेलावर चालणाऱ्या जुन्या ‘फॉश’पेक्षा हळू, म्हणजे २७ नॉटच्या वेगाची झाली. मग हॉकआय या टेहळणी विमानासाठी धावपट्टी काही मीटरने अपुरी असल्याचे लक्षात आले आणि ती वाढवावी लागली. नोव्हेंबर २००० मध्ये चाचण्यांच्या वेळी अटलांटिकमध्ये एका पंख्याचे पाते तुटले. निवृत्त नौकांचे सुटे पंखे लावून तिला मे २००१ मध्ये नौदलात घेण्यात आले. फ्रेंच वर्तमानपत्रांनी तिची मनसोक्त टिंगल केली. पण त्यानंतर अफगाणिस्तान, लिबिया, इराक, सीरिया अशा मोहिमांत तिने चोख काम केले. फ्रान्स कमी शुद्धतेचे युरेनियम वापरतो, म्हणून तिच्या कांड्या दर सात-दहा वर्षांनी बदलाव्या लागतात. २००७ आणि २०१७ साली तसे मोठे काम झाले.

अमेरिकेत तिसऱ्या पिढीचा विचार १९९० च्या दशकात सुरू झाला आणि या पिढीने भट्टीकडे तिसरीच गोष्ट मागितली: वीज. ‘निमित्झ’चा आराखडा १९६० च्या दशकातला. रडार, संगणक आणि इलेक्ट्रॉनिक युद्धसाहित्य वाढत गेले तशी त्या नौकांवरची वीज पुरेनाशी झाली. विमान फेकणारी यंत्रे, म्हणजे कॅटापुल्ट, वाफेवर चालत. प्रत्येक उड्डाणाला शेकडो किलो वाफ हवेत जाई. ती गोड्या पाण्याची असल्याने आधी समुद्राचे पाणी शुद्ध करावे लागे. शिवाय वाफेचा धक्का एकदम बसतो आणि विमानाच्या सांगाड्याला हिसका देतो. हलके चालकरहित विमान तर तो सहनही करू शकत नाही. त्याजागी विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट आणायचे ठरले. त्यात फिरत्या चाकांमध्ये साठवलेली ऊर्जा क्षणात वीज म्हणून सुटते आणि डेकखालची लांबच लांब सरळ मोटर विमानाला पुढे ओढते. जोर हवा तसा कमीजास्त करता येतो. विमान थांबवणाऱ्या तारा, दारूगोळा वर आणणाऱ्या लिफ्ट, सारे विजेवर नेण्याचा बेत होता. त्यासाठी ‘ए१बी’ ही नवी भट्टी आखण्यात आली. तिच्या जोडीमुळे नव्या नौकेला ‘निमित्झ’च्या सुमारे अडीच ते तीन पट वीज मिळते.

मुळात हे बदल तीन नौकांमध्ये टप्प्याटप्प्याने करायचे होते. २००२ मध्ये संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी ते सगळे एकाच नौकेत कोंबायचा निर्णय घेतला. तेवीस नवी तंत्रे, त्यांतली अनेक जमिनीवरही पुरती तपासलेली नाहीत, आणि बांधणी सुरू. ‘जेराल्ड आर. फोर्ड’ जुलै २०१७ मध्ये दाखल झाली तेव्हा खर्च सुमारे १३ अब्ज डॉलरवर गेला होता आणि दारूगोळ्याच्या अकरा लिफ्टपैकी एकही चालत नव्हती. नौदल सचिव रिचर्ड स्पेन्सर यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना सांगून टाकले, की २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत लिफ्ट चालल्या नाहीत तर मला काढून टाका. लिफ्ट चालल्या नाहीत. स्पेन्सर यांची नोकरीही गेली, पण भलत्याच कारणावरून. शेवटची लिफ्ट डिसेंबर २०२१ मध्ये हाती आली. कॅटापुल्ट ४,१६६ उड्डाणांमागे एकदा बिघडावा अशी अपेक्षा होती. चाचणी अहवालात एका टप्प्यावर तो आकडा १८१ निघाला. ट्रम्प यांनी तर वाफच परत आणा, असा धोशा लावला होता. शौचालयांचीही नवी पद्धत सतत तुंबू लागली आणि ती आम्लाने साफ करायला एका वेळी चार लाख डॉलर लागतात, असे अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी नोंदवले. भट्ट्या मात्र या गोंधळात फारशा चर्चेत आल्या नाहीत, आणि रिकोव्हर यांच्या शिस्तीला याहून मोठी पावती मिळाली नसती. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलवरच्या हल्ल्यानंतर हीच ‘फोर्ड’ पूर्व भूमध्य समुद्रात तैनात होती.

जुन्या ‘एंटरप्राइज’चा शेवट खर्चाच्या वादाला एक वेगळी जोड देतो. ती २०१७ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाली, पण आठ भट्ट्यांची नौका भंगारवाल्याला विकता येत नाही. २०२५ मध्ये ती मोडण्याचे कंत्राट अलाबामा राज्यातल्या मोबिल इथल्या कामासाठी सुमारे ५३ कोटी ७० लाख डॉलरना दिले गेले. बांधायला लागला त्याहून हा आकडा मोठा आहे. १९६१ चा डॉलर आणि आजचा डॉलर एक नव्हेत, हे खरे. तरी मोडणीचा असा खर्च १९५८ च्या हिशोबात कोणी धरला नव्हता.

वीज हवी म्हणून अणुभट्टी हवी, हे गणित अलीकडे चीनने सैल केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल झालेली त्यांची ‘फुजियान’ विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट वापरते आणि तरीही ती अणुशक्तीवर चालत नाही. त्याच वेळी, सिचुआन प्रांतात लशान शहराजवळ चीन मोठ्या नौकेसाठी नमुना-भट्टी बांधत आहे, असा निष्कर्ष उपग्रहचित्रे आणि सरकारी कागदपत्रे तपासून अमेरिकी संशोधकांनी २०२४ मध्ये काढला. समुद्रापासून दूर भट्टी उभारून सुरुवात करायची आयडाहोतली रीत इथेही दिसते. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी डिसेंबर २०२० मध्ये ‘शार्ल द गोल’च्या वारसदाराची घोषणा केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये बांधणीला हिरवा कंदील दाखवला. दोन ‘के२२’ भट्ट्या, सुमारे ३१० मीटर लांबी आणि अमेरिकेकडून घेतलेले विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट. ही नौका २०३८ मध्ये दाखल व्हावी, अशी आखणी आहे.

भारताच्या नौदलात हा विषय अधूनमधून डोके वर काढतो. सप्टेंबर २०२२ मध्ये कोचीत दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ गॅस टर्बाइनवर चालते आणि तिच्यावरून विमाने कॅटापुल्टने नव्हे तर पुढच्या उचललेल्या उतारावरून झेप घेतात. तिसऱ्या विमानवाहू नौकेसाठी अणुशक्ती आणि विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट यांची चर्चा दहा वर्षांहून अधिक काळ चालू आहे. संरक्षण मंत्रालयाच्या २०२५ च्या तंत्रज्ञान आराखड्यात युद्धनौकांसाठी अणु-प्रणोदनाचा उल्लेखही आला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अरिहंत’ पाणबुडीसाठी घडवलेली भट्टी ८३ मेगावॉट उष्णतेची आहे. ‘शार्ल द गोल’ची एकेक भट्टी १५० मेगावॉटची, आणि ती पाणबुडीसाठी आधीच आखलेली असूनही फ्रान्सला नौकेची बांधणी सुरू केल्यापासून ती दाखल करेपर्यंत बारा वर्षे लागली.